आजींनाही चालेल असा झटपट कॉफी केक

भिलाईच्या नेहरूनगरमधले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. नातवाचा वाढदिवस आहे. बेकरीतून केक आला आहे, शेजारपाजारची मुले जमली आहेत. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या वाजल्या आणि नातवाने पहिला तुकडा उचलून थेट आजीच्या तोंडापाशी नेला. आजीने हसून त्याचा हात धरला. "मला नको रे राजा, त्यात अंडं असतं. तू खा." आजींसाठी वेगळे पेढे आणून ठेवलेले होते. त्यांनी ते खाल्ले, केकच्या सजावटीचे कौतुकही केले. पण नातवाचा चेहरा उतरला तो उतरलाच आणि सुनेच्या मनालाही रुखरुख लागून राहिली. सगळ्यांची पाने मांडावीत आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानेच पंगतीबाहेर बसावे, असे काहीसे झाले होते.

आता बिनअंड्याचा केक बेकरीतही मिळतो. तरीही तो कुठल्या भांड्यात फेटला, कशाशेजारी भाजला याची खात्री नसली की जुनी माणसे हात आखडता घेतात. घरी केलेल्या केकबद्दल ही शंका उरत नाही. सामान आपल्या डब्यातले, भांडे आपले आणि भाजणारीही घरचीच. मग अडते कुठे? बहुतेक घरी अडते ते धास्तीपाशी. 'केक फुगला नाही तर? एवढे सामान वाया गेले तर?' या विचाराने पुष्कळ गृहिणी केकच्या वाटेला जात नाहीत.

ज्या गावात ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि जिथल्या घराघरांतली माणसे पाळ्या करून त्या भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या ठेवत आली, त्या गावात तरी घरातल्या एवढ्याशा भट्टीची भीती नको! पीठ का फुगते आणि का बसते हे एकदा समजले की केक बिघडण्याचे प्रसंग अगदी कमी होतात. त्यासाठी कॉफी केकसारखा सोपा गुरू नाही. याला क्रीम नको, सजावट नको, फेटण्याचे यंत्र नको. तयारीला पंधरा मिनिटे आणि भाजायला पाऊण तास पुरे.

नाव एक, केक दोन

कॉफी केक म्हटले की सगळीकडे एकच पदार्थ समोर येतो असे नाही. अमेरिकेत या नावाच्या केकमध्ये बहुधा कॉफी नसतेच. कॉफीबरोबर खायचा तो कॉफी केक. त्यावर मैदा, साखर, लोणी आणि दालचिनी यांचा खरखरीत चुरा पसरून भाजतात. इंग्लंडमध्ये मात्र कॉफी केक म्हणजे पिठातच कॉफी घातलेला केक. त्यात अक्रोड घालण्याची पद्धत आहे. आपण इथे करणार आहोत तो या दुसऱ्या तऱ्हेचा, अर्थात अंड्याशिवाय.

आजींना हा प्रकार अगदीच परका वाटायचे कारण नाही. कोकणात काकडीचे धोंडस किंवा तवसळी करतात, तेव्हा जाड बुडाच्या भांड्यात मिश्रण घालून वरच्या झाकणावरही निखारे ठेवण्याची जुनी रीत आहे. खालून आणि वरून सारखी धग लागली की गोड, मऊ, खरपूस वडी तयार होते. वऱ्हाड-नागपूरकडचे रोडगेही धगीवरच भाजतात. भिलाईतल्या पुष्कळ मराठी घरांचे नाते नागपूर-विदर्भाशी आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाबरोबर या कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्या प्रांताची राजधानीही नागपूरच होती. तेव्हा धगीवर भाजलेले अन्न या घरांना नवे नाही. केकमध्ये नवी आहे ती फक्त फुगवण्याची युक्ती.

एका नवऱ्याची युक्ती

ही युक्ती ज्या कारणाने निघाली ते कारण नेहरूनगरच्या आपल्या सुनेला फार जवळचे वाटेल. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते आणि रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडे सोसत नसे आणि पाव फुगवायचे यीस्टही सोसत नसे. घरात पाव-केक आला की त्यांनी बघत बसायचे! बर्ड यांनी पत्नीसाठी आधी, १८३७ साली, अंड्याविना होणारी कस्टर्डची पूड तयार केली. पुढे १८४३ साली त्यांनी यीस्टविना पीठ फुगवणारी बेकिंग पावडर केली. आज केक झटपट होतो तो अशाच पावडरीमुळे. पंगतीतले एक माणूस वगळले जाऊ नये, या ओढीतून ती निघाली.

बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा, कोरड्या स्वरूपातले आम्ल आणि दोघांना कोरडे ठेवणारा स्टार्च असतो. ओल लागली की सोडा आणि आम्ल एकमेकांत मिसळतात आणि कार्बन डायऑक्साइड वायूचे बारीक बुडबुडे सुटतात. हल्लीच्या बहुतेक पावडरी हे काम दोन वेळा करतात. काही वायू पीठ कालवताना सुटतो, बाकीचा उष्णता लागल्यावर. नुसता सोडा मात्र आम्लाची वाट पाहत असतो. आपल्या केकमध्ये ते आम्ल दही पुरवते. दही आणि सोड्याची गाठ पडली की लगेच वायू सुटू लागतो. म्हणून पीठ कालवल्यावर ते तसेच ठेवून फोनवर बोलत बसू नये!

साहित्य

(मापाचा कप २४० मिलिलिटरचा, लहान चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ मिलिलिटरचा.)

मैदा दीड कप (सुमारे १८० ग्रॅम), पिठीसाखर सव्वा कप (सुमारे १५० ग्रॅम), ताजे घट्ट दही १ कप, वास नसलेले तेल अर्धा कप, इन्स्टंट कॉफी ३ लहान चमचे, गरम पाणी २ मोठे चमचे, बेकिंग पावडर सव्वा लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ चिमूटभर, व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा, अक्रोडाचे किंवा काजूचे तुकडे पाव कप, लागेल तसे २-३ मोठे चमचे दूध.

कृती

१. सात इंची गोल डब्याला आतून तेलाचा हात लावावा. तळाला कागद घालून त्यालाही तेल लावावे. ओव्हन असेल तर तो १८० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आधी तापत ठेवावा. सर्व तयारी आधी आणि कालवणे शेवटी, हा नियम पाळावा.

२. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. सोड्याची गुठळी राहिली तर तेवढ्या जागी केक पिवळसर आणि कडवट लागतो.

३. कॉफी गरम पाण्यात विरघळवून गार होऊ द्यावी.

४. मोठ्या भांड्यात दही आणि साखर साखर विरेपर्यंत घोटावी. त्यात तेल घालून मिश्रण एकजीव आणि थोडे दाटसर होईपर्यंत फेटावे. फेटायचे ते इथेच, मनसोक्त. नंतर कॉफी आणि इसेन्स घालावा.

५. आता चाळलेला मैदा दोन हप्त्यांत घालावा आणि चमच्याने खालून वर असा हलक्या हाताने मिसळावा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. मैदा ओला झाल्यावर घोटत राहिले की त्याला पोळीच्या कणकेसारखी चिवटी येते आणि केक मऊ होण्याऐवजी दडस होतो. चमच्यातून पीठ जाड धारेने, थांबत थांबत पडावे. फार घट्ट असेल तरच दूध घालावे.

६. अक्रोडाचे तुकडे चमचाभर मैद्यात घोळवून निम्मे पिठात घालावेत. घोळवल्याने ते सहजी तळाला जात नाहीत. पीठ डब्यात ओतावे. डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलेले तुकडे वर पसरावेत आणि डबा लगेच भाजायला ठेवावा.

७. ३५ ते ४० मिनिटे भाजावे. पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. नंतर मधोमध विणायची सुई किंवा दात कोरायची काडी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला. दहा मिनिटे डब्यातच ठेवून मग जाळीवर काढावा आणि पूर्ण गार झाल्यावर धारदार सुरीने कापावा. गरम केक कापला तर चुरा होतो.

दालचिनीची आवड असलेल्या घरी अमेरिकन पद्धतीचा चुराही घालून पाहावा. ३ मोठे चमचे मैदा, ३ मोठे चमचे साखर, २ मोठे चमचे गार लोणी आणि अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड बोटांनी कुस्करावी आणि भाजण्यापूर्वी पिठावर पसरावी.

ओव्हन नसला तर

ओव्हन नाही म्हणून केक राहून जायचे कारण नाही. धोंडसाचे तत्त्व इथेही चालते. जाड बुडाचे जुने पातेले किंवा खोल कढई घ्यावी. तळाला दीड-दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर छोटी तिवई किंवा उलटी स्टीलची वाटी ठेवावी आणि घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग केकचा डबा तिवईवर ठेवून आच मंद करावी. या पद्धतीने ४५ ते ५५ मिनिटे लागतात. वरून धग कमी असल्याने केकचा माथा ओव्हनइतका तांबूस होत नाही, पण चव आणि मऊपणा यांत उणे राहत नाही. हे मीठ पुन्हा याच कामाला वापरावे, स्वयंपाकात घेऊ नये.

काही जणी यासाठी प्रेशर कुकर घेतात. तो घ्यायचाच झाला तर झाकणाची रबरी रिंग आणि शिटी दोन्ही काढून ठेवल्याशिवाय गॅसवर चढवू नये. पाण्यावाचून तापवल्याने कुकरचे बूड वाकू शकते, रंगही जातो. रोजच्या वरणभाताचा कुकर त्यासाठी पणाला लावण्यापेक्षा जुने पातेले बरे.

केक बिघडतो तो का?

मध्येच खचला: दार किंवा झाकण फार लवकर उघडले असेल, बेकिंग पावडर जास्त झाली असेल किंवा आतून भाजायचा राहिला असेल. पावडर जास्त घातल्याने केक जास्त फुगेल हा समज चुकीचा आहे. बुडबुडे भराभर मोठे होतात, फुटतात आणि पीठ घट्ट व्हायच्या आधीच केक खाली बसतो.

दडस झाला: मैदा घातल्यावर फार घोटला, पीठ बराच वेळ तसेच राहिले किंवा पावडर जुनी होती.

साबणासारखी चव आली: सोडा जास्त झाला. माप चमच्यानेच घ्यावे, चिमटीने नव्हे.

वरून करपला, आत कच्चा राहिला: आच मोठी होती. बाहेरून भराभर रंग येऊ लागला तर वर कागद किंवा अॅल्युमिनियमची फॉइल सैल ठेवावी आणि आच कमी करावी.

थोडा फसलेला केकही टाकू नये. खचलेल्या केकचे तुकडे वाटीत घालून वर गार कस्टर्ड ओतले की छान पुडिंग होते. कोरड्या झालेल्या केकचे तुकडे मंद धगीवर पुन्हा भाजले की चहाबरोबर खायला टोस्ट तयार.

ऋतू पाहून दही, ऋतू पाहून पावडर

पुण्या-मुंबईच्या पाककृती भिलाईत तंतोतंत का जमत नाहीत, याचे एक उत्तर हवेत आहे. मे महिन्यात इथला पारा ४० च्या पुढे जातो. सकाळी लावलेले दही दुपारपर्यंत चांगलेच आंबट होते. आंबट दह्याने केकला आंबूस चव येते आणि सोड्याचा वायूही झपाट्याने सुटतो. म्हणून उन्हाळ्यात दही नुकते लागले की फ्रिजमध्ये ठेवावे आणि केकच्या अर्धा तास आधी बाहेर काढावे. या दिवसांत लोण्यापेक्षा तेलाचा केक सोयीचा. लोणी पाहता पाहता वितळते, तेलाला ती भीती नाही. डिसेंबर-जानेवारीत उलट होते. दही लवकर लागत नाही आणि गारही असते. अशा गार दह्यात पीठ कालवले तर भाजायला वेळ लागतो. तेव्हा दही आणि दूध खोलीच्या उष्णतेला आणूनच घ्यावे.

पावसाळा हा बेकिंग पावडरचा शत्रू. डबा उघडा राहिला की हवेतल्या ओलीने तिची ताकद निघून जाते. शंका आल्यास अर्धा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाकून पाहावी. फसफसून बुडबुडे आले तर ती चांगली, नुसती तळाला बसली तर टाकून द्यावी. अर्ध्या चमच्याच्या या परीक्षेने दीड कप मैदा आणि अर्धा कप तेल वाचते.

कॉफी कोणती घ्यावी?

या केकला इन्स्टंट कॉफी सोयीची, कारण ती पाण्यात पूर्ण विरघळते. बाजारातल्या काही पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते. पाकिटावर तसे छापलेले असते, ते वाचून घ्यावे. चिकोरीने रंग गडद येतो, पण कॉफीचा कडूगोड वास थोडा कमी होतो. फिल्टर कॉफीची पूड मात्र थेट पिठात घालू नये, ती कचकच लागते. घरी फिल्टर असेल तर घट्ट डिकॉक्शन काढून गरम पाण्याऐवजी तेच २ मोठे चमचे वापरावे.

भिलाईला कॉफीची चव काही नवी नाही. कॉफी बोर्डाची कॉफी हाऊसे १९५० च्या दशकात बंद होऊ लागली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ सालापासून इंडियन कॉफी हाऊसे स्वतः चालवायला घेतली. जबलपूरच्या अशाच कामगार-सहकारी संस्थेची कॉफी हाऊसे छत्तीसगडातही आहेत आणि त्यांत भिलाईही आली. तुरेवाला फेटा बांधलेल्या वाढप्याच्या हातची कॉफी आणि डोसा ही इथल्या कितीतरी घरांची ठरलेली चैन. आता तर छत्तीसगडातल्याच बस्तरमध्ये, दरभा भागात, कॉफीची लागवड झाली आहे.

मुलांना कॉफी द्यावी का, असा प्रश्न आयांना पडतो. या केकचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यात पाव चमचा कॉफी येते. तरीही अगदी लहान मुलांसाठी करायचा असेल तर कॉफीऐवजी ३ लहान चमचे कोको घालावा आणि तेवढाच मैदा कमी करावा. ज्यांना संध्याकाळनंतर कॉफी घेतल्यास झोप येत नाही, त्यांनी हा केक दुपारीच खावा. मधुमेह असलेल्यांनी मात्र तुकड्याचा आकार लहानच ठेवावा. मैदा आणि साखर दोन्ही त्यात आहेत, हे विसरू नये.

पहिला तुकडा

हा केक पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर थंडीत दोन-तीन दिवस चांगला राहतो. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढावा. मुरल्यावर कॉफीचा स्वाद अधिक खुलतो, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी करून ठेवला तरी चालतो. रात्रपाळीवर जाणाऱ्याच्या डब्यात दोन तुकडे घालायलाही तो सोयीचा. क्रीम नाही, त्यामुळे ओघळायची भीती नाही.

आता पुन्हा त्याच नेहरूनगरच्या घरात जाऊ. पुढच्या वर्षीचा वाढदिवस. आदल्या संध्याकाळी सुनेने ओट्यावर मैदा चाळायला घेतला आहे. आजी स्वयंपाकघराच्या दाराशी येतात.

"काय करून राहिलीस गं?"

"केक करतेय आई. दही तेवढं पाहता का, आंबट तर नाही ना झालं?"

आजी बोटाच्या टोकावर दही घेऊन चाखतात. "नाही, गोड आहे." मग पाटावर बसतात आणि न सांगता अक्रोड फोडायला घेतात.

नवख्या गृहिणीने इथली युक्ती ध्यानात ठेवावी. केक आजींसाठी करायचा असेल तर तो आजींना हाताशी घेऊन करावा. दही त्यांनी चाखलेले असले, अक्रोड त्यांनी फोडलेले असले, मैदा, सोडा, दही, तेल सारे त्यांच्या डोळ्यांसमोर भांड्यात पडलेले असले की 'यात काय आहे?' हा प्रश्नच राहत नाही. दुसऱ्या दिवशी नातू पहिला तुकडा उचलून आजीकडे नेईल, तेव्हा तिने त्याचा हात धरायचा तो स्वतःच्या तोंडाकडे वळवण्यासाठीच.